सालाच्या पायावर पाणी

मला गाता येत नाही. बोलायलाही धड येत नाही, असं माझी बायको म्हणायची. "तुमचं बोलणं म्हणजे दगडावर दगड," म्हणायची. सातवी नापास माणूस मी. लिहिण्यात काही चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. मला एकदा लिहिलेलं पुन्हा लिहायचा कंटाळा येतो. ही गेल्यापासून सगळ्याचाच येतो. उठायचा, दाढी करायचा, बाहेर जायचं तर ते चार थर कपडे चढवायचा. पण हे एवढं लिहायचं कबूल केलंय, म्हणून लिहितो.

मी नगरपालिकेत पाणी सोडायला होतो. सदतीस वर्षं. कोयनेच्या अलीकडचं आमचं तालुक्याचं गाव. टाकीवरून खाली येणाऱ्या लाइनीवर पेठेपेठेला व्हॉल्व्ह, प्रत्येक व्हॉल्व्हवर लोखंडी झाकण. खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी घेऊन मी पहाटे सायकलवरून निघायचो. या पेठेचं बंद करायचं, त्या पेठेचं सोडायचं. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. बायका दारात घागरी लावून बसलेल्या असायच्या आणि मला बघितलं की ओरडायच्या, "सुटलं, सुटलं!" नाव कुणालाच माहीत नव्हतं. पाणीवाला आला, एवढंच.

आमचं घर लाइनीच्या शेवटच्या टोकाला. पाणी तिथपर्यंत पोचेस्तोवर दम टाकायचं. पाच मिनिटं जास्त सोडलं असतं तर आमच्या गल्लीला भरपूर झालं असतं. मी सोडलं नाही. लोक म्हणतील पाणीवाल्यानं स्वतःच्या दारात नदी आणली, हे मला नको होतं. मग ही मागच्या आळीतल्या आडावरून घागरी वाहायची. दिवस भरलेले असताना पण वाहिल्या. मी वर मान करून सांगायचो, आमच्यात लबाडी चालत नाही. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

हिच्या माहेरची एक पद्धत होती. साल म्हणजे पाहुणा, असं हिची आई म्हणायची. दारात पाहुणा आला की आपण आधी पायावर पाणी देतो, मग गूळ, मग चहा. तसंच नवीन साल आलं की उंबऱ्यावर तांब्याभर ताजं पाणी घालायचं. आणि घालताना गेलेल्या सालाची एक ओवी म्हणायची. घरात काय झालं, कोण आलं, कोण गेलं, जे असेल ते. ही दर पाडव्याला एक नवी ओवी बांधायची आणि आधीच्या सगळ्या पहिल्यापासून म्हणून मगच नवी म्हणायची. शाळेत गेलेली नव्हती, पण एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. सुरुवात नेहमी एकच:

गेलेल्या गं सालाला बोल लावू नये बाई,
आलेल्याच्या पायावर पाणी घालावं लवलाही.

लग्नाच्या पहिल्या सालाची ओवी ही अशी होती:

पहिल्या गं सालामंदी आले नळाच्या घरात,
धनी गावा पाजी पाणी, रिती घागर दारात.

ही ओवी म्हणताना ती माझ्याकडं बघायची. मी सायकलचं चाक बघत बसायचो.

मग रिटायर झालो. मुलगा इकडं कॅनडात, विनिपेगला होता, त्यानं कागदपत्रं केली आणि आम्हाला आणलं. त्याचं घर जुनं आहे, लाकडी. आम्हाला बेसमेंट दिलं. चांगलं होतं, उबदार, फक्त खिडकीतून आभाळाच्या जागी शेजाऱ्याच्या गाडीचं चाक दिसायचं.

पहिल्याच वर्षी हिनं पाडवा सोडला. म्हणाली, "हितं पाडव्याला कुणाला सुट्टी नसते. सगळी कामावर, गाणं कुणापुढं म्हणू? मोरीपुढं?" मुलानं सांगितलं की इथं एकतीस डिसेंबरला दुपारी साडेबारा वाजतात तेव्हा तिकडं रात्रीचे बारा वाजून नवं साल लागतं. हिला ते पसंत पडलं. "म्हणजे साल आधी गावात येतंय, मग मला भेटाय येतंय. लांबून आलेला पाहुणा. त्याला पाणी पाहिजेच." झालं. त्या दुपारी नवी साडी, त्यावर मुलाचं जाडजूड जॅकेट, हातात तांब्या. पुढचं दार उघडलं आणि ओतलं पायरीवर सगळं पाणी. उणे तीस होतं बाहेर. पाणी पडताच काच झाली. मुलगा तेवढ्यात ग्रोसरी घेऊन आला, पायरीवर पाय ठेवला आणि दुधाच्या पिशव्यांसकट थेट फुटपाथवर. कंबर पंधरा दिवस धरली होती. त्या सालची ओवी तिथंच तयार झाली:

बर्फाच्या गं देशामंदी पाणी ओतलं दारात,
लेक घसरून पडला, सून हसली घरात.

"मी हसले नव्हते हं आई," सून म्हणाली.

"हसलीस. तोंडावर ओढणी धरलीस ते काय सर्दीनं?"

पुढच्या वर्षीपासून दाराच्या आत, बूट काढतो तिथं, परात ठेवून त्यात पाणी घालायची.

दर वर्षी गाणं संपलं की मला म्हणायची, "अहो, लिहून ठेवा की हे. मला लिहिता येत नाही, तुम्हाला येतंय." मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. सत्तेचाळीस ओव्या झाल्या. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.

दोन हजार सतरा सालच्या ऑगस्टात ही गेली. अर्धांगाचा झटका आला, नऊ दिवस हॉस्पिटलात होती. त्याबद्दल नंतर लिहितो.

डिसेंबर आला तसा मला धसका बसला. हिची धाकटी बहीण आमच्याच गावात दिलेली, मागच्या गल्लीत. दर एकतीस तारखेला त्यांचे बारा वाजले की ती फोन करायची आणि गाणं ऐकायची. तिनं महिनाभर आधीच फोनवर विचारलं, "दाजी, आक्काचं गाणं यंदा कोण म्हननार?"

मी म्हटलं, "कोणी नाही. गाणारी गेली, गाणं गेलं."

"असं कसं दाजी? साल तसंच दारात हुबं ठिवायचं?"

"राहू दे उभं. मी बोलावलं नव्हतं त्याला."

फोन ठेवला मी. पण मला माहीत होतं. जुनं म्हणायला एक वेळ कोणीतरी मिळेल, पण यंदाची ओवी कोण बांधणार? या सालात एकच गोष्ट झाली होती. आणि त्या गोष्टीत एक असं होतं जे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ओवी म्हणायची तर ते म्हणावं लागलं असतं. हिच्या गाण्यात खोटं कधी नव्हतं. आणि नाही म्हटली तर सत्तेचाळिसावर हिचं सगळं आयुष्य बंद. मी दोन्हीकडून अडकलो होतो. महिनाभर जेवण गोड लागलं नाही.

आता नळाचं. या घरात पाण्याचा पाइप बेसमेंटच्या उत्तरेच्या भिंतीतून आत येतो, जुन्या खिडकीखालून. आदल्या हिवाळ्यात तो तिथं गोठला होता. तेव्हापासून मुलाचा हुकूम: थंडी उणे पंचवीसच्या खाली गेली की कपडे धुतो त्या सिंकचा नळ बारीक सुरू ठेवायचा, करंगळीएवढी धार. वाहतं पाणी गोठत नाही. ते सिंक माझ्या पलंगाच्या डोक्याशी, मध्ये फक्त पातळ भिंत. ही होती तोवर ही बघायची. मी रात्री उठून बंद केला की ही उठून पुन्हा सोडायची. "सदतीस वर्षं गावाला मोजून पाणी दिलंत, आता तरी मोजू नका," म्हणायची. पण मला ती धार सहन व्हायची नाही. चांगलं गोडं पाणी गटारात जातंय आणि आपण पांघरुणात पडून ऐकतोय. माझ्या हाताला सवयच नाही ती.

एकतीस तारखेला पहाटे पाच वाजता जागा झालो. धार चालू होती. बाहेर उणे चौतीस. मी उठलो, सिंकपाशी गेलो आणि नळ घट्ट बंद केला. कळत नव्हतं असं नाही. सवय होती आणि थोडा रागही होता. कशावर ते सांगता येत नाही. मग येऊन झोपलो, कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

नऊ वाजता सून जिना उतरून खाली आली. ती पुण्याची, इथं कॉम्प्युटरवर काम करते. शहाणी मुलगी, पण माझं आणि तिचं जेवणाखाण्यापुरतंच बोलणं. मला तिच्याशी काय बोलावं कळत नाही, तिला माझ्याशी. मध्ये ही होती, तिनं दोन्हीकडचं बोलून घेतलं.

"बाबा, वर पाणी येत नाहीये. किचनला नाही, वॉशरूमला नाही." तिनं सिंककडं बघितलं. "तुम्ही टॅप बंद केला का?"

"केला."

"बाबा!"

"वाया चाललं होतं."

 तिनं कपाळाला हात लावला. मुलगा पहाटेच ड्युटीवर गेला होता, चारपर्यंत येणार नव्हता. रविवार, त्यात वर्षाचा शेवटचा दिवस. तिनं प्लंबरला फोन लावला, दुसऱ्याला लावला. जे येणार होते ते परवा येणार होते.

"सदतीस वर्षं पाणी खात्यात होतात ना तुम्ही?" ती म्हणाली. थट्टा होती की राग, मला कळलं नाही.

"होतो. पण आमच्याकडं पाणी आटतं, दगड होत नाही."

तेव्हा ती हसली. ही गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

मग तिनं फोनवर बघून घेतलं काय करायचं ते. नळ उघडा ठेवायचा आणि गोठलेल्या जागेला हळूहळू ऊब द्यायची. आम्ही खिडकीखालचं लाकूड काढलं. पाइप दिसला, वर पांढरं खरखरीत दव. तिनं केस वाळवायचं मशीन आणलं, मी दोन बादल्या पालथ्या घातल्या, आणि सासरा-सून पाइपासमोर बसलो, शेकोटीसमोर बसावं तसे. दहा मिनिटं ती मशीन धरायची, दहा मिनिटं मी. हात भरून यायचा. मी म्हटलं, तू वर जा, मी बघतो. म्हणाली, "तुमच्यावर सोडून गेले तर तुम्ही हेही वाया जातंय म्हणून बंद कराल."

बरोबर बोलली.

साडेअकराला ती वर गेली आणि मोठं पातेलं घेऊन मागच्या अंगणात गेली. खिडकीतून तिचे बूट दिसले. चहाला तरी पाणी हवं म्हणून बर्फ भरून आणला आणि गॅसवर ठेवला. पातेलंभर बर्फाचं दोन-अडीच पेले पाणी झालं. त्यातला चहा आम्ही प्यालो. चहाला चव नव्हती, किंवा माझ्या तोंडाला नव्हती.

बरोब्बर साडेबाराला फोन वाजला. मेव्हणी. मागं गावातले फटाके आणि तो डीजेचा धडधडाट.

"दाजी, नवं साल लागलं. झोपू देईनात मेली. काय करताय?"

"पाइप शेकतोय."

"काय शेकताय?"

सुनेनं फोन स्पीकरवर टाकला आणि सगळी कथा सांगितली. मेव्हणी एवढी हसली की तिला खोकला लागला. "आगं बया! समद्या गावाचं पानी तोडलं ह्यांनी टायमाला, आता सोताचं बी तोडलं! आक्का असती तर यंदाची वोवी हीच झाली असती."

 तिकडं फटाके वाजत राहिले.

"दाजी," ती म्हणाली, "मी म्हनू का? मला गावातल्या सालांतलं येतंय बगा. दर पाडव्याला मी हुतेच की उंबऱ्याशी."

 मला नको म्हणायचं होतं. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि फोन सिंकच्या काठावर उभा करून ठेवला. "म्हणा मावशी."

तिनं सुरू केलं. आवाज हिच्यासारखाच, थोडा चिरका. गेलेल्या गं सालाला बोल लावू नये बाई. पहिलं साल. रिती घागर. दुसरं, तिसरं. मशीन माझ्या हातात होतं, घूंघूं चाललेलं, आणि त्यातून ते गाणं येत होतं. मी आयुष्यात ते कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. निदान मला तसं वाटायचं. पण पुढची ओळ येण्याआधीच माझ्या तोंडात असायची. पाचवं. सहावं. मग ती आठव्यावर गेली.

"थांब," मी म्हणालो. "सातवी राहिली."

"सोडली मुद्दाम दाजी. आज नको ती."

"सोडू नको."

"माझ्यानं म्हनवत न्हाय."

मग मी म्हणालो. गाऊन नाही, वाचून दाखवावं तशी:

सातव्या गं सालामंदी लेक पाळण्यात आली,
चार दिसांची पाहुणी, पाय न धुता निघाली.

सून माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटत होतं आम्हाला एकच मूल झालं. ही ओवी हिनं इथं गायली तेव्हा तिला लेक म्हणजे कुणा नातेवाइकाची वाटली असेल. मी म्हटलं, "मुलाच्या आधीची. तुझी नणंद." तिनं माझ्या हातातून मशीन घेतलं. तिची पाळी नव्हती.

मेव्हणी पुढं म्हणत गेली. दुष्काळाचं साल, मुलाच्या दहावीचं, हिच्या आईच्या मरणाचं, माझ्या पायावर व्हॉल्व्हचं झाकण पडलं ते. दोनतीन ठिकाणी अडली, तिथं मी सांगितलं. एके ठिकाणी दोघांनाही आठवेना, ती ओवी गेली ती गेलीच. एकोणचाळिसावी झाली आणि ती थांबली. "ह्याच्या म्होरलं मला फोनवरनं नीट कधी ऐकूच आलं न्हाय. आता संपलं माझं."

इथं संपलं, मला वाटलं. पण सुनेनं घसा साफ केला. आणि ही पुण्याची मुलगी, जिच्या तोंडून मी कधी देवाचं गाणंसुद्धा ऐकलं नव्हतं, तिनं लेक पडला, सून हसली हे हिच्याच चालीत म्हटलं. हिच्यासारखा ‘देशामंदी’वर हेल काढून. मग पुढची. मग स्वतःची:

सुनेची गेली नोकरी, सून बसली घराला,
सासू मनात म्हणाली, बरं झालं गं वर्साला.

"ही ऐकून त्या वर्षी मी चिडले होते," ती म्हणाली. "मग रात्री ह्यांना म्हटलं, माझी नोकरी गेली तर जगात एका माणसाला तरी आनंद झाला."  तिनं नाक पुसून पुढच्या म्हटल्या. इथल्या आठही ओव्या तिला पाठ होत्या. मी खाली, ती वर, एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

सत्तेचाळिसावी झाली. मशीन बंद केलं तिनं, तापलं होतं. एकदम शांत झालं सगळं.

"दाजी," फोनमधून आवाज आला, "यंदाची?"

"मला येत नाही."

"येतंय. सातवी कशी म्हनलात?"

"ती तयार होती."

 फटाके थांबले होते तिकडं. मी पाइपाकडं बघत बसलो. दव अर्धंअधिक वितळून काळे थेंब लोंबत होते.

हॉस्पिटलात हिचं बोलणं अडखळत होतं, पण एक शब्द स्वच्छ यायचा. पाणी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गिळायची ताकद गेलीय, पाणी दिलं तर श्वासाच्या वाटेनं आत जाईल. काडीला बांधलेला छोटा स्पंज देत होते, तो ओला करून ओठाला लावायचा, बस. मी नियमाचा माणूस. सातव्या दिवशी संध्याकाळी मी एकटा होतो. हिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, पाणी. टेबलावर पेला होता, भरलेला. मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मी पुन्हा नाही म्हटलं आणि स्पंज पुढं केला. तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर ती बोललीच नाही. दोन दिवसांनी गेली.

पाऊण तास म्हणजे पाऊण तास. आमच्यात लबाडी चालत नाही.

ते मी बादलीवर बसून आठवत होतो आणि ओळ आपोआप आली. मी म्हणालो, "यंदाच्या सालामंदी ही म्होरं गेली निघून—"

"दाजी, गं घाला की. वोवीत गं लागतोय."

"मी कुणाला गं म्हणू? जिला म्हणायचं ती गेली."

"तिलाच म्हना. ऐकतीया."

मग म्हटलं. आवाज फाटला, चाल नव्हती, जे होतं ते असं:

यंदाच्या गं सालामंदी ही म्होरं गेली निघून,
गावा पाणी दिलं सारं, हिला द्यायचंय अजून.

तिकडं मेव्हणी रडायला लागली. इकडं मी सुनेला हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं. पेला, मनगट, तोंड फिरवलं ते. चार महिने घशात अडकलेलं चार वाक्यांत संपलं. मला वाटलं ती म्हणेल, बाबा, तुम्ही बरोबर केलंत. लोक म्हणतात तसं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

ती तसं म्हणाली नाही. मशीनची वायर बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाबा, मलाही मागितलं होतं. त्याच दिवशी सकाळी. मीही नाहीच म्हटलं. मी तर स्पंजही लावला नाही, नर्सला बोलावते म्हणून बाहेर गेले आणि कॉरिडॉरमध्ये उभी राहिले."

 तिनं माझी समजूत घातली नाही, मी तिची घातली नाही. पण ओझं दोघांत आहे हे कळलं आणि खांदा थोडा हलका झाला. घागर एकटीनं उचलण्यात आणि दोघींनी कडेला धरण्यात जो फरक असतो, तेवढाच. हिला तो फरक माहीत असणार.

"आणि पाहुन्याच्या पायावर पानी?" फोनमधून नाक ओढत मेव्हणी म्हणाली. "का बसलाय दोगं बी तसंच?"

"मावशी, पाणीच नाहीये. बर्फाचं आहे थोडं पातेल्यात," सून म्हणाली. "आई तर ताजं वाहतं लागतं म्हणायच्या. बर्फाचं चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "बर्फ म्हणजे बसलेलं पाणी. उठवलं की चालायला लागतं."

वर गेलो. दाराशी परात ठेवली. तिथं हिचे बर्फातले बूट होते, एप्रिलात काढून ठेवलेले, कोणीच उचलले नव्हते. काळे, रबरी, आतून लोकरीचे, दोन नंबर मोठे. त्यात ही दोन-दोन मोजे घालायची. मी ते उचलले आणि परातीत ठेवले. सून म्हणाली नाही की हे काय करताय. तिनं पातेल्यातलं पाणी हिच्या तांब्यात ओतलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. थोडं कोमट होतं. मी दोन्ही बुटांवर सावकाश घातलं, एकावर आधी, मग दुसऱ्यावर. शेवटचा थेंब पडेपर्यंत. बूट रबरी, त्यांना काही झालं नाही. मेव्हणी फोनवरून विचारत होती, "घातलं का? घातलं का?"

"घातलं," मी म्हटलं.

मग तिथंच खुर्चीवर बसलो. फार दमलो होतो. दिवसभर चावी फिरवल्यावर हात जसे लोंबायचे तसे झाले होते. तरी त्या महिन्यात पहिल्यांदा भूक लागली. सुनेनं पोळी-लोणचं दिलं. भांडी घासायला पाणी नव्हतं म्हणून कागदाच्या ताटलीत.

पाणी तीन वाजता आलं. आम्ही पुन्हा खाली मशीन धरून होतो. आधी नळानं खोकल्यासारखं केलं, मग तांबडं, मग एकदम धार. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सुटलं!" गावातल्या बायका ओरडायच्या तसं. सून दचकली आणि मग तिनंही म्हटलं, "सुटलं, सुटलं!"

चारला मुलगा आला. त्याला कळलं तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं, "का बंद केला बाबा?" मी म्हटलं, चुकलं. एवढं सरळ मी त्याला आधी कधी बोललो नव्हतो.  मग त्यानं दाराशी आईचे बूट परातीत बघितले आणि त्यांच्यापाशी उभा राहिला. मी बर्फ काढायचं फावडं घेऊन पायरी साफ करायला बाहेर गेलो, त्याला जरा एकटं मिळावं म्हणून.

त्याच संध्याकाळी सुनेनं एक वही दिली, दोनशे पानी, नवीन. म्हणाली, "पुढच्या वर्षी नाही. आता." मी पहिल्या ओवीपासून लिहायला बसलो. एक ओवी हरवली तिथं एक ओळ रिकामी सोडली आहे. हे जे वर लिहिलंय तेही त्याच वहीत, मागच्या बाजूनं.

लिहिता लिहिता वरून सुनेची हाक आली, "बाबा, टॅप?"

भिंतीपलीकडं धार पडत होती, करंगळीएवढी. मी जरा वेळ ऐकली.

"चालू आहे," मी म्हटलं. "राहू दे."